कप्तान कोणाचं ऐकतो

हवामान पाहून जहाजांना वाट सुचवणाऱ्या त्या कचेरीत एक नियम होता. घरचं माणूस ज्या जहाजावर असेल, ते जहाज आपण सांभाळायचं नाही. त्यामुळे ताईंच्या कप्तान नवऱ्याचं जहाज शेजारच्या टेबलावर, चिमणीकडे गेलं. पोरगी दिवसभर चिवचिवायची, म्हणून सगळ्यांनी तिला हे नाव दिलं होतं.

नियम ताईंना मान्य होता. सोसवत नव्हती ती कप्तानाची उत्तरं.

"ताई, ऐका ना!" चिमणी मोठ्याने वाचायची. "'तुमचा सल्ला पटला. लगेच वाट बदलतो. मनापासून आभार.' किती गोड माणूस आहे हो तुमच्याकडे!"

ताई हसायच्या आणि आतून जळून खाक व्हायच्या. लगेच बदलतो म्हणे! छत्री घेऊन जा म्हटलं तर हा मुद्दाम भिजून येणारा माणूस. संसारात त्यांचं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आणि कालच्या पोरीने दोन ओळी लिहिल्या की साहेब होकायंत्रासारखे वळतात.

त्या दुपारी उत्तरेकडे वादळ जोर धरत होतं. चिमणीने जहाजाला दक्षिणेचा वळसा सुचवला, कप्तानाने होकार कळवला आणि ती जेवायला गेली. ताईंनी तिच्या संगणकाच्या पडद्यावर नजर टाकली. काळजीने नव्हे, खोट काढायला.

आणि खोट सापडली. वाऱ्यातून जहाज सुटत होतं, पण फार दूरच्या, विरून गेलेल्या एका वादळाच्या लांब लाटा त्याच्या कुशीवर येणार होत्या. अशा लाटांनी जहाजाच्या डुलण्याशी ताल धरला, की ते पाळण्यासारखं झुलतं आणि वरचे कंटेनर साखळ्या तोडून समुद्रात जातात. माणसंसुद्धा.

ताईंच्या मनात पहिली आली ती आनंदाची उकळी. बरी सापडलीस! क्षणभर तर वाटलं, जाऊ दे जहाज तसंच, कळू दे एकदा त्याला. मग त्या जहाजावर कोण आहे हे डोक्यात शिरलं. त्या धावतच जेवणाच्या खोलीत गेल्या.

"चिमणे, ऊठ. त्या लाटा बघितल्यास?"

चिमणीने घास टाकला. पडदा पाहून तिचा चेहरा पांढराफटक पडला. दोघींनी मिळून नवी वाट आखली. वेग कमी करायचा, जहाजाचं तोंड थोडं वळवायचं, म्हणजे लाटा समोरून येतील. पोचायला अर्धा दिवस उशीर होणार होता.

"ही चूक तुम्ही पकडलीत. तुमचं नाव घालते."

"नको."

"का हो?"

"माझं नाव वाचलं की तो वाद घालत बसेल," ताई म्हणाल्या. "तुझं ऐकतो. तूच पाठव."

चिमणी मान खाली घालून टाइप करू लागली.

जहाज सुखरूप पार झालं. बंदरावरून कप्तानाचा ताईंना फोन आला.

"तुमची ती चिमणी म्हणजे सोनं आहे. ऐन वेळी वाट फिरवली तिने. आमच्या मागून येणाऱ्या जहाजाचे कंटेनर समुद्रात गेले, ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. त्या लाटा मी पाहिल्या होत्या. वाट आम्ही दोघींनी आखली."

"मग तिच्या नावाने का पाठवलीस?"

"माझ्या नावाने ऐकलं असतंस?"

"नसतं," कप्तान हळूच म्हणाला. "आधी दहा प्रश्न विचारले असते."

ताईंना वाटलं होतं, हे कबूल करून घेतलं की जीव थंड होईल. झाला नाही. मात्र इतके दिवस त्या पोरीवर काढलेला राग खरा कुणावर काढायचा, ते आता त्यांना कळलं.

"घरी ये," त्या म्हणाल्या. "मग बोलू."