आत गेलेलं औषध

दादाच्या मेंदूतल्या गाठीला मारणारं औषध केव्हापासून होतं. अडचण एवढीच की ते मेंदूपर्यंत पोचतच नव्हतं. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पेशींचा एक पडदा असतो, तो भल्याभल्या औषधांना दारातूनच पिटाळून लावतो. दादाची धाकटी बहीण औषधं घडवणाऱ्या प्रयोगशाळेत होती. तिने त्या औषधाला एक तेलकट शेपूट जोडलं. तेलकट रेणू पडद्यातून सहज सरकतो. आत गेला की मेंदूतले रस शेपूट तोडतात आणि उरलेलं औषध तिथेच अडकतं.

"आत जाईल, पण बाहेर यायचं नाव घेणार नाही," असं ती तेव्हा मिरवून सांगायची.

उंदरांच्या गाठी विरघळल्या. दादाचे बाकीचे सगळे इलाज थकले होते, म्हणून खास परवानगीने त्याला गोळ्या सुरू झाल्या. आठवड्यात डोकेदुखी गेली, हाताची थरथर थांबली. घरादाराचा जीव भांड्यात पडला.

एका दुपारी ती प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या खोलीत गेली. त्यांच्या चालण्याची चाचणी नुकतीच संपली होती. कॅमेऱ्याला पाय नीट दिसावेत म्हणून घरट्यांचे कागद पिंजऱ्यांतून काढायला तिनेच सांगितलं होतं. काल ते परत ठेवले होते. आता उंदीरच तो, कागद दिसला की कुरतडणार, त्यात गुरफटून झोपणार. औषध न दिलेल्यांनी तसंच केलं होतं. औषध दिलेल्यांचे कागद मात्र जसेच्या तसे पडून होते. शेजारी उघड्यावर ते गुबगुबीत, धडधाकट उंदीर कुडकुडत बसले होते.

थंडी वाजत होती, तरी ऊब करून घ्यायची ओढच त्यांच्यात उरली नव्हती. इतके दिवस कागदच नव्हते, मग हे दिसणार कुणाला? आणि ते काढायची अक्कल कुणाची, तर तिचीच.

तिने दादाच्या डॉक्टरांना फोन लावला. "गोळ्या थांबवा. आजची देऊ नका."

"आजची सकाळीच दिली," डॉक्टर म्हणाले. "का, काय झालं?"

तिने उंदरांचं आणि कागदांचं सांगितलं. तशीच ती रुग्णालयात धावली.

दादा खाटेवर ताठ बसला होता. तिला पाहून हसला. "या, भित्र्या भागूबाई! चेहरा का असा पडलाय?"

लहानपणापासूनची तीच चेष्टा, तोच आवाज. तिला रडूच फुटलं. उगाच घाबरले, दादा आहे तसाच आहे, असं म्हणत तिने डोळे पुसले.

मग तिला उघडी खिडकी दिसली. गार वारा थेट आत येत होता. दादा म्हणजे जन्माचा थंडीला भिणारा. पंखा लावला तरी चादर ओढून घेणारा. आता त्याच्या दंडावर काटा आला होता, ओठ निळसर पडले होते.

"दादा, थंडी वाजतेय का रे?"

"वाजतेय ना. मघापासून."

"मग पांघरूण घे की."

पांघरूण त्याच्या पायाशीच होतं, घडी न मोडलेलं. दादाने त्याच्याकडे पाहिलं.

"हो की," तो म्हणाला, आणि तसाच बसून राहिला.

तिने घडी उलगडून ते त्याच्या खांद्यांवर घातलं. हळूहळू ते घसरत खाली आलं. दादा हसतमुखाने तिच्याशी बोलत होता आणि त्याचे हात मांडीवर स्वस्थ पडले होते, जराही न थरथरता.