बाई सांगतील तसं

"अभिनय म्हणजे ऐकणं," असं मी एका मुलाखतीत सांगून टाकलं. छापून ठळक अक्षरांत आलं. बायकोने ते वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाली, "ऐकणं? तुम्ही? अहो, परवा दारावरची बेल ऐकू आली नाही तुम्हाला. पार्सलवाला तीनदा वाजवून परत गेला."

पण मी खोटं बोललो नव्हतो. आमच्या टीव्हीत सगळं ऐकण्यावरच चालतं. रोज वीस-बावीस पानं शूट करायची असतात आणि ती प्रिंटरमधून गरमागरम सेटवर येतात. पाठ करायला वेळ कुणाला आहे? म्हणून कॅमेऱ्यामागे बसून कुणीतरी आमची वाक्यं मोठ्याने वाचतं, आम्ही ती ऐकायची आणि चेहऱ्यावर भाव आणून म्हणायची. वाचणाऱ्याचा आवाज नंतर काढून टाकतात. याला प्रॉम्प्टिंग म्हणतात. अकरा वर्षं मी एकाच मालिकेत थोरल्या भावाचं काम करतोय आणि अकरा वर्षांत एक ओळ पाठ केलेली नाही. यात लाजण्यासारखं काय आहे?

आमचं प्रॉम्प्टिंग बाई करतात. बाईंची सगळी हयात प्राथमिक शाळेत मुलांना शुद्धलेखन घालण्यात गेली. निवृत्त झाल्यावर घरी करमेना, म्हणून इथे आल्या. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. खोड एकच. त्या विरामचिन्हंही वाचतात. "दादा स्वल्पविराम घर विकू नका उद्गारचिन्ह!" आपण चिन्हं गाळायची आणि उरलेलं म्हणायचं. बहुतेक वेळा जमतं. एकदा मात्र मी डोळ्यांत पाणी आणून "ही माझी आई प्रश्नचिन्ह" असं म्हणून गेलो. प्रेक्षकांची पत्रं आली, इतका खोल संवाद अलीकडे ऐकला नव्हता म्हणून. सगळं श्रेय दिग्दर्शकाने लाटलं. मेल्याला त्या दिवशी डुलकी लागली होती.

असो. हळूहळू हा रोग घरी आला. बायको म्हणायची, "गॅस संपलाय." मी जड आवाजात म्हणायचो, "गॅस संपलाय." ती म्हणायची, "माझं डोकं दुखतंय." मी कपाळ धरून म्हणायचो, "माझं डोकं दुखतंय." तिचं खरंच दुखत असायचं.

मग तिच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. बहिणीची रोपवाटिका आहे, एकटीला झेपत नाही. बायकोने मला चहा देता देता सांगितलं, "ती म्हणतेय, ये, सहा महिने राहा, आवडलं तर कायमची राहा."

मी कप खाली ठेवला आणि अतिशय मनापासून म्हणालो, "ये, सहा महिने राहा, आवडलं तर कायमची राहा."

बायकोने माझा उरलेला चहा सिंकमध्ये ओतला. मग म्हणाली, "रविवारी निघते. तोवर एक वाक्य बोला. तुमचं स्वतःचं, एकच. ते ऐकून मी जायचं की नाही ते ठरवीन."

माझ्या पोटात गोळा आला. पोटात गोळा आल्याचा भाव मी मालिकेत शंभर वेळा दिलाय आणि दर वेळी हात चुकीच्या जागी ठेवलाय. खरा गोळा बराच खाली येतो.

शुक्रवारी संध्याकाळी मी बाईंना गुपचूप घरी आणलं आणि पडद्यामागे उभं केलं. बायको आली. बाई बारीक आवाजात सांगू लागल्या, मी म्हणू लागलो. सुरुवात बरी झाली. बायकोच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तिने "हं, पुढे?" असं विचारलं आणि मी गडबडलो. पडद्यामागून जे आलं ते मी भरल्या डोळ्यांनी जसंच्या तसं म्हणालो, "तू माझ्या जीवनाचा आधार आहेस पूर्णविराम नवा परिच्छेद."

बायकोने पडदा ओढला. बाई पर्स छातीशी धरून उभ्या होत्या. बायकोने त्यांना बसवलं, चहा दिला, आणि मग दोघी माझ्याच देखत माझ्याविषयी बोलत बसल्या.

"दर वर्गात असा एक असतो," बाई म्हणाल्या. "हुशार असतो हो, पण शेजारच्याच्या वहीत बघून लिहितो."

"आणि मग त्याचं काय करता?"

"जागा बदलते," बाई म्हणाल्या. हे मला अजिबात आवडलं नाही.

शनिवारी दिग्दर्शकाला गालगुंड झालं. या वयात! मालिकेच्या निर्मातीचा फोन आला, "आजचा दिवस तुम्ही सांभाळा." दिग्दर्शनाबद्दल माझं मत फार पूर्वीपासून पक्कं होतं, की दोन शब्दांचं काम आहे, 'अॅक्शन' आणि 'कट'. त्यासाठी आमच्या दिग्दर्शकासारखी टोपी कशाला घालायची? मी टोपी घातली.

प्रसंग होता मधला भाऊ आणि त्याची बायको यांच्या भांडणाचा. बाई म्हणाल्या, "म्हणा अॅक्शन." मी अॅक्शन म्हणालो. दोघं भांडले, पान संपलं. बाईंनी कागद मिटला आणि त्या पर्समध्ये खोकल्याची गोळी शोधू लागल्या. सगळे माझ्याकडे बघत होते. मी बाईंकडे बघत होतो. 'कट' म्हणा, असं मला कुणी सांगितलंच नाही, म्हणून मी म्हणालो नाही.

आता कॅमेरा चालू असताना थांबायचं कसं? ती बिचारी रिकाम्या कपातून चहा पीत राहिली. त्याने कपाटाचा खण उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. दोन मिनिटं गेली. मग ती हळूच म्हणाली, "तू हल्ली लंच ब्रेकमध्ये माझ्या टेबलाशी जेवायला बसत नाहीस."

तो म्हणाला, "मी सगळ्यांसमोर नक्कल केली, तेव्हा तू हसली नाहीस."

"ऐकूच आली नाही रे मला. कानात कापूस होता."

आणि तो रडला. ज्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आणायला अकरा वर्षं ग्लिसरीनच्या बाटल्या रिकाम्या केल्या, तो नाकाने फुर्रफुर्र आवाज करत रडला. दिवेवाल्याने बाहीला डोळे पुसले. बाई चिडून म्हणाल्या, "हे माझ्या कागदात नाहीये!"

मी मात्र खुर्चीत खिळून बसलो होतो. कागद संपल्यावर माणसं बोलायला लागतात, फक्त तोवर कुणी 'कट' म्हणायचं नसतं. पन्नाशी उलटल्यावर हे कळलं, तेही चुकून.

रविवारी सकाळी बायको बाहेरच्या खोलीत बॅग घेऊन उभी राहिली. खाली टॅक्सी हॉर्न वाजवत होती.

"बोला," ती म्हणाली.

मी "बोला" म्हणणारच होतो. जीभ चावली. तोंड उघडं, आत काही नाही. टॅक्सीने पुन्हा हॉर्न दिला. शेवटी तिलाच माझी दया आली. हळू आवाजात ती म्हणाली, "'नको जाऊस' म्हणा."

आयतं वाक्य! अकरा वर्षांची सवय ओठांपर्यंत धावत आली. मी ओठ घट्ट मिटून घेतले. तिने बॅग या हातातून त्या हातात घेतली. कट म्हणायला कुणीच नव्हतं. आणि मग माझ्या तोंडून भलत्याच चिरक्या आवाजात, एका दमात काहीतरी बाहेर पडलं.

"तू गेलीस तर मी कोणाचं ऐकू? त्या बाईंचं ऐकून पोट भरतं, पण तुझ्यासारखं 'अहो' कोणी म्हणत नाही, आणि बेल मला ऐकू येते, नेहमीच येते, मी उठत नाही कारण तू उठतेस, आता मी उठेन."

बायकोने बॅग खाली ठेवली. तिने पडद्यामागे पाहिलं, दारामागे पाहिलं, सोफ्याखाली वाकून पाहिलं, आणि माझे दोन्ही कान तपासले. कुठेच कुणी नव्हतं.

"परत म्हणा," ती म्हणाली.

मी आठवायला गेलो, तर एक शब्द सापडेना. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं ऐकली, आणि माझं पहिलंवहिलं वाक्य ऐकायचं माझ्याकडूनच राहून गेलं होतं. "मी... नीट ऐकलं नाही," मी म्हणालो. मला खरोखर रडू फुटायची वेळ आली.

"मी ऐकलंय," ती म्हणाली. बॅगेवर बसून, बाईंसारखा गळा साफ करून, तिने अगदी सावकाश, शब्द न् शब्द सांगायला घेतलं, "तू गेलीस तर स्वल्पविराम मी कोणाचं ऐकू प्रश्नचिन्ह."

चिन्हं गाळून मी म्हणालो. तिने पुढचं सांगितलं, मी पुढचं म्हणालो. "आता मी उठेन"पर्यंत आलो आणि दारावरची बेल वाजली. टॅक्सीवाला वर आला असणार. बायको हलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

मी जाऊन दार उघडलं.