नऊशे सत्त्याण्णव सुपाऱ्या

चौलच्या वाडीत, खळ्याच्या मधोमध आश्लेषा परवापासून सुपाऱ्या मांडत बसली होती, आणि आज मांडव्याहून मुंबईची बोट गाठायची होती. डॉक्टरांची वेळ मोठ्या मुश्किलीने मिळालेली. शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, "हुशार आहे हो, पण एका गोष्टीत अडकली की बाहेरच येत नाही. एकदा दाखवून घ्या." तेव्हापासून क्षिप्राची नजर लेकीवरून हलत नव्हती. हाकेला मान वळते का, बोलताना डोळ्यांत बघते का, सगळं ती टिपत होती.

"आशू, ऊठ गं. रिक्षा येईल आता."

मान वळली नाही.

हे सगळं अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी लावून दिलेलं. व्यापाऱ्यासाठी हजार सुपाऱ्या मोजल्या, रीतीप्रमाणे गणपतीची, गावदेवीची आणि वाडीच्या राखणदाराची अशा तीन काढून ठेवल्या आणि उरलेल्या नातीपुढे ओतल्या. "सारख्या ओळी लाव. एकही उरता कामा नये."

आशूने दोन-दोनच्या लावल्या, एक उरली. सात-सातच्या लावल्या, तीन उरल्या. अशी एकेक वाढवत ती पुढे जात राहिली.

"अण्णा, त्या तीन परत द्या ना तिला," क्षिप्रा म्हणाली.

"देवाला ठेवलेलं परत मागतेस? काहीतरीच!" म्हणत अण्णांनी ओळीतली एक सुपारी गुपचूप खिशात टाकली.

"अण्णा, ती परत ठेवा," आशू मान वर न करता म्हणाली.

आता दंडाला धरून उठवायचीच, म्हणून क्षिप्रा खाली बसली आणि तिने प्रथमच ओळींकडे नीट बघितलं. एकतीस-एकतीसच्या बत्तीस ओळी. पाच उरलेल्या. नऊशे सत्त्याण्णव! तीन आकड्यांतली सगळ्यात मोठी मूळ संख्या, कशानेच भाग न जाणारी. बी.एस्सी.ला गणित घेतलेल्या आईच्या हे दोन दिवस ध्यानातच आलं नव्हतं.

बाहेर रिक्षाचा भोंगा वाजला.

"पुढे कितीच्या लावणार?"

"बत्तीस."

"इथे, माझ्या बाजूला ये. इथून एका ओळीत किती?"

आशूने बोटाने मोजलं. "बत्तीस! आणि उरल्या त्याच पाच."

"आता याहून लांब ओळी केल्यास तर ओळींची संख्या कमी होईल. समजा जमल्याच, तर बाजूनं त्या छोट्या ओळीच दिसतील. आणि छोट्या तर तू सगळ्या लावून बघितल्यास."

आशूने ओळींवरून एकदा उभं, एकदा आडवं बोट फिरवलं. पुन्हा भोंगा.

"म्हणजे कधीच नाही?"

"कधीच नाही."

"मग अण्णांनी थापच मारली!" ती हात झटकून उठली आणि सरळ चपला घालायला गेली.

रिक्षात बसल्यावर तिने विचारलं, "डॉक्टर मला काय विचारणार?"

"हेच, की परवापासून तू काय करत होतीस."

"मग सांगीन की. तू विचारलंच नाहीस ना."

क्षिप्राने पदराने तिच्या हाताची धूळ पुसली. हात स्वच्छ झाला तरी ती पुसतच राहिली.