तिकडच्या बाजूचा गिलावा

मी मधला दरवाजा बोलतोय. राहात्याजवळच्या एका वस्तीवर, दोन भावांच्या अंगणांमधल्या भिंतीत मी उभा आहे. बाभळीच्या लाकडाचा, अंगाने जाड आणि आवाजाने त्याहून जाड. वाटण्या झाल्या तेव्हा भिंत आली, पण येण्याजाण्याला मला ठेवलं. तेव्हापासून विरजण, पाहुणे आणि भांडणं माझ्यातूनच ये-जा करतात.

थोरल्या सूर्यभानच्या सृष्टीचं लग्न ठरलं. पत्रिका छापून आली आणि धाकट्या सहादेवचं डोकंच फिरलं. सख्ख्या चुलत्याचं नाव सूर्यभानच्या मेव्हण्याच्या खाली! लग्नाला जायचं नाही, असं त्याने जाहीर केलं आणि मला बुजवायला दीडशे विटा आणून रचल्या. माझ्या बिजागऱ्याच लटपटल्या. जी पोर मला धरून उभी राहायला शिकली, तिच्या लग्नात मी विटांमागे गुदमरणार होतो.

सहादेवची बायको रतनबाई लसूण सोलत बसली होती. रडली नाही, ओरडली नाही.

"बुजवा की," ती म्हणाली. "पन गिलाव्याचं काय?"

"करू की गिलावा."

"आपल्या बाजूनं व्हईल. तिकडच्या बाजूनं? गवंड्याला भावजींच्या अंगनात उभं ऱ्हावं लागंल. इचारलं का त्यास्नी?"

"मी न्हाई इचारनार!"

"मग गवंडी इचारंल, आन् गावभर सांगंल. त्यापरीस तुमीच जावा. भांडू नका, निसतं गिलाव्याचं बोला."

सहादेवने हातांची विटांची धूळ झटकली. मग टोपी घातली आणि चक्क मलाच ढकलून पलीकडे गेला. मी मुद्दाम मोठ्याने करकरलो.

"नाना आले!" चुलत्याला बघून सृष्टी ओरडली.

सूर्यभान खाली मान घालून म्हणाला, "पत्रिका मेव्हण्यानंच छापून आनली रं. मी वाचलीच न्हाई. चुकलं माझं."

"गिलाव्याचं इचारायचं हुतं," सहादेव पुटपुटला.

"कर की. पन आधी मांडवाचं बघ. तुझ्याबिगर कोन हाय मला?"

चहा तीनदा झाला. सहादेव परतला तेव्हा रतनबाईने एवढंच विचारलं, "काय ठरलं गिलाव्याचं?"

"लग्नानंतर बघू."

दीडशे विटा मांडवाच्या चुलीला लागल्या. लग्नाला आता दोन वर्षं झाली. माझ्या फळीवर सृष्टीच्या हळदीच्या हाताचा ठसा आहे, थोडा पुसट झालाय, पण मला फार प्रिय आहे. बिजागऱ्यांना मात्र कुणी तेल घालत नाही.

तुम्हालाही एखादा दरवाजा बुजवायचा असेल, तर खुशाल बुजवा. फक्त तिकडच्या बाजूच्या गिलाव्याचं आधी स्वतः जाऊन विचारून या.