जुनी आवृत्ती काढताना

काम साडेदहालाच संपलं, आणि घोटाळा तिथेच झाला. ग्रंथपालांना रिकामं बसणं जमत नसे. ग्रुप फोटोतही त्यांचा हात हमखास हललेला येई, कारण फोटो निघेपर्यंत ते शेजारच्याची कॉलर सरळ करत असत.

चार वाजता ग्रंथालयाच्या समितीची बैठक होती. ग्रंथपालांनी दोन वर्षं खपून, स्वतः शिकून, स्वतः लिहून पुस्तकसूचीचा एक प्रोग्राम तयार केला होता. सव्वीस हजार पुस्तकं त्यात होती, आणि पुस्तकाचं नाव अर्धवट किंवा चुकीचं टाकलं तरी ते कुठल्या कपाटात आहे हे तो सांगत असे. समितीपुढचा दुसरा पर्याय म्हणजे एका कंपनीची तयार यंत्रणा. तिचं माहितीपत्रक इतकं गुळगुळीत होतं, की मागच्या बैठकीत ते टेबलावरून दोनदा घसरून पडलं. ती यंत्रणा आली की सूचीची खोली बंद आणि ग्रंथपाल तळमजल्याच्या काउंटरवर, सभासदांची कार्डं लॅमिनेट करायला. त्यामुळे चार वाजता प्रोग्राम चालणं भाग होतं.

तो चालत होता. सकाळपासून त्यांनी तो सात वेळा चालवून पाहिला होता. आठव्यांदा चालवायची स्वतःचीच लाज वाटली, म्हणून ते संगणकात काय काय साठलंय ते बघू लागले.

प्रोग्राम लिहिणं म्हणजे निम्मं काम दुसऱ्यांनी लिहून ठेवलेली पॅकेजेस आणून बसवणं, हे त्यांना पहिल्याच महिन्यात कळलं होतं. अक्षरं जुळवणारं एक पॅकेज, तारखा सांभाळणारं दुसरं. एकाला बोलवावं तर ते आपले चार नातेवाईक घेऊन येई, आणि त्यातल्या एखाद्याला पायथन, म्हणजे अजगर, या नावाची संगणकाची भाषा अमुकच आवृत्तीची लागे. आधीच्या आवृत्तीशी त्याचं पटत नसे. मग ग्रंथपाल नवी आवृत्ती बसवत. असं करता करता मशीनवर पायथनच्या पाच आवृत्त्या झाल्या होत्या. हे त्यांनी घरी कौतुकानं सांगितलं, तेव्हा बायको म्हणाली होती की पाल दिसली तरी खुर्चीवर चढणारा माणूस ऑफिसात पाच अजगर पाळतो, हे तिला आधी सांगायला हवं होतं.

पाच. एकाच गोष्टीच्या पाच. ज्या माणसानं एकोणतीस वर्षं नवी आवृत्ती कपाटात आली की जुनीवर ‘रद्द’चा शिक्का मारला, त्याला हे दिसल्यावर चैन कशी पडणार? त्यातली सर्वांत जुनी तर आपण कधी बसवली हेही त्यांना आठवेना. मशीन आलं तेव्हापासून ती तिथं होती. वापर शून्य, असा त्यांनी मनातल्या मनात शेरा मारला आणि ती काढून टाकायचा हुकूम टाइप केला.

मशीन सभ्य होतं. त्यानं सांगितलं की ही काढली तर तिच्यासोबत पुढील दोनशे चौदा वस्तू जातील. यादी दाखवली आणि विचारलं, हो की नाही? ग्रंथपालांनी यादी पाहिली नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांनी ती व्यावसायिक नजरेनं पाहिली. लांब आहे, वर्णानुक्रमे आहे, ठीक आहे. त्यांनी होकाराचं वाय दाबलं.

आधी वाय-फायची खूण गेली. मग कोपऱ्यातलं घड्याळ, खिडक्या, चित्रं, माउसचा बाण. सगळे पाहुणे यजमानाचा निरोप न घेता उठून गेले. उरला काळा पडदा आणि त्यावर उघडमीट करणारी एक पांढरी रेघ. कोणीही करेल तेच ग्रंथपालांनी केलं: मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. काळा पडदा पुन्हा आला, या वेळी जरा लवकर.

खिडकी ते दार अकरा पावलं. ती त्यांनी कितीदा मोजली कोण जाणे. बारा वाजायला आले तसा त्यांनी मेहुणीला फोन लावला. ती एका मोठ्या कंपनीचे सर्व्हर सांभाळायची आणि फोनवर बोलतानाही तिची बोटं कीबोर्डवर टकटक करत असायची. ग्रंथपालांनी आज बैठक आहे इथपासून सुरुवात केली.

“भावोजी, काय झालं ते नंतर. काय काढलंत ते सांगा.”

त्यांनी सांगितलं. टकटक थांबली. इतक्या वर्षांत ती थांबलेली त्यांनी पहिल्यांदाच ऐकली.

“ती वापरात नव्हती,” ग्रंथपाल म्हणाले.

“तुमच्या वापरात नव्हती. मशीन तिच्यावर उभं होतं. तुम्ही खुर्चीत बसून खुर्चीचेच पाय कापलेत.”

मग तिचा आवाज जरा निवळला. तुमचा प्रोग्राम आणि सूची शाबूत आहे, ती म्हणाली; पडदा, खिडक्या, माउस हे सगळं परत आणावं लागेल. त्यासाठी इंटरनेट हवं आणि वाय-फाय तर तुम्ही पाठवून दिलंय, तेव्हा वायर शोधा.

इमारतीत इंटरनेटची लांब वायर एकच होती, तळमजल्यावर काउंटरवाल्या बाईंच्या मशीनला. बाई कुठलाही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय पुढे सरकवत नसत, त्यामुळे त्यांच्यापुढे सदा रांग असे. ग्रंथपालांनी यावर समितीकडे दोनदा लेखी तक्रार केली होती. दोन्ही तक्रारी पोचपावतीसाठी बाईंकडेच आल्या आणि त्यांनी त्या पूर्ण वाचून मगच आत पाठवल्या.

त्या सगळ्याचा बाईंनी उल्लेखही केला नाही. वायर किती वेळ हवी ते विचारलं, काउंटरवर ‘जेवणाची सुट्टी’ची पाटी ठेवली, आणि वायर आपल्या ताब्यातली असल्यामुळे तिच्यासोबत स्वतः वर आल्या. जिना चढताना ग्रंथपालांनी त्यांना सगळं सांगितलं. पुस्तकं मशीनमध्ये कुठल्या नावाच्या पेटीत आहेत तेसुद्धा. घाबरलेला माणूस नको ते तपशील आधी सांगतो.

मेहुणीनं फोनवरून एकेक अक्षर सांगितलं, ग्रंथपालांनी टाइप केलं. परत येणाऱ्या वस्तूंची यादी पडद्यावर उमटली. मेहुणी म्हणाली, वाय दाबण्याआधी यादी वाचा. ग्रंथपाल म्हणाले, वाचली.

“मोठ्यानं, भावोजी.”

ते वाचू लागले, पण चौथ्या नावानंतर त्यांनी ‘वगैरे’ म्हटलं. तेव्हा बाईंनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. शाळेत हजेरी घ्यावी तशी एकेक नाव, मग क्षणभर थांबणं, जणू कोणी ‘हजर’ म्हणणार आहे. एकोणीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात ग्रंथपालांनी तीनदा उठबस केली, कपाटातल्या कोऱ्या फायली उंचीनुसार लावल्या आणि स्वच्छ असलेली खिडकी पुसली. मग वस्तू एकेक करून उतरू लागल्या. अडतीस टक्क्यांवर सगळं अडलं, आणि ग्रंथपालही श्वास अडवून बसले. तीनला दहा कमी असताना पडदा उजळला. खिडक्या आल्या, बाण आला, आणि कोपऱ्यात बसलेलं घड्याळ तर असं दिसत होतं जणू ते कधी कुठं गेलंच नव्हतं. मेहुणी म्हणाली, आता कशालाही हात लावू नका. मग तिलाही कुठली तरी बैठक होती, तिनं फोन ठेवला.

बाई वायर गुंडाळायला वाकल्या. पडद्याच्या तळाशी मशीननं एक बारीकशी सूचना ठेवली होती: कोणालाच लागत नसलेल्या छत्तीस वस्तू पडून आहेत, साफ करता येतील.

कोणालाच लागत नसलेल्या. हे मशीनच म्हणत होतं, त्यांचं मत नव्हतं. ग्रंथपालांनी हुकूम दिला. यादी आली, हो की नाही विचारलं गेलं, आणि त्यांचं बोट वायवर टेकणार एवढ्यात मध्ये बाईंचा पंजा आला. कीबोर्डवर तो आडवा ठेवून त्या वाचू लागल्या. बाविसाव्या नावावर थांबल्या.

“सर, या पेटीत सगळी पुस्तकं आहेत असं तुम्ही मला जिन्यात सांगितलंत.”

होय, तीच पेटी होती. सकाळी गेलेल्या दोनशे चौदांमध्ये तिला घेऊन आलेली वस्तूही गेली होती. आता तिला विचारणारं कोणी दिसेना, म्हणून मशीननं तिला बेवारस ठरवलं होतं. ती गेली असती तर चार वाजता दाखवायला काही उरलं नसतं. ग्रंथपालांनी दोन बोटांनी, जपून, नकाराचं एन दाबलं आणि हात मांडीखाली घालून बसले.

चार वाजता अध्यक्षांनी मुद्दाम चुकीचं नाव टाकलं. अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य होते. प्रोग्रामनं योग्य पुस्तक आणि कपाट सांगितलं. एक सदस्य खात्री करायला गेला आणि पुस्तक हातात घेऊनच परतला. गुळगुळीत माहितीपत्रक कोणीतरी चहाच्या कपाखाली सरकवलं. सूचीची खोली वाचली होती. फक्त काउंटर तीन तास बंद का होतं, एवढंच सचिवांना विचारायचं होतं. सभासदांच्या सहा चिठ्ठ्या त्यांच्या हातात होत्या. वायर खराब झाली, असं म्हणता आलं असतं. पण मग काउंटरवर बसून वायरीची निगा न राखल्याचा ठपका कोणावर आला असता हे ग्रंथपालांना कळत होतं. त्यांनी सगळं सांगितलं, पेटीसकट.

अध्यक्षांनी आयुष्यभर काढण्याचंच काम केलं होतं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“न बघता काढलंत?”

“बघून काढलं. वाचून नाही.”

ठराव एकमतानं झाला. प्रोग्राम स्वीकारला, ग्रंथपाल सूचीच्या खोलीतच राहतील, मशीनवर काही बसवण्याचा वा काढण्याचा पासवर्ड मात्र काउंटरवर राहील. बाईंनी ठराव शेवटपर्यंत वाचून त्यावर सही केली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजून दहा मिनिटांनी मशीननं कळवलं की सत्तेचाळीस पॅकेजेसच्या नव्या आवृत्त्या आल्या आहेत. ग्रंथपालांनी साडेदहापर्यंत दम धरला. मग यादी छापून घेतली आणि खाली उतरले. काउंटरपुढे चार माणसं होती. ते पाचवे उभे राहिले, या पायावरून त्या पायावर, पुढच्याची कॉलर सरळ करायचा मोह आवरत. पाऊण तासानं नंबर लागला.

“सत्तेचाळीसच आहेत,” ते म्हणाले. “सगळी बसवायचीच. काढायचं काही नाही.”

बाईंनी कागद घेतला, चष्मा लावला आणि तो उलटा केला. मागच्या बाजूला, काढून टाकल्या जाणाऱ्या तीन वस्तूंची नावं होती.