बावीस मिनिटं

वाळूजच्या एका कारखान्यात बद्रीनाथ सुपरवायझर होता आणि तिथल्या कामगारांची ने-आण करणारी बस सूर्यभान चालवायचा. दोघांची ओळख झाली ती एका सकाळी सूर्यभाननं भरली बस मधेच उभी केली म्हणून. पहिल्या पाळीला उशीर होत होता. मागं आरडाओरडा सुरू झाला. पुढच्या सीटवरचा बद्रीनाथ उठून विचारायला गेला, तर सूर्यभाननं काचेतून नुसतं बोट दाखवलं.

"लांडगीण हाय. पिल्लं पलीकडं न्यायलीय. जाऊ द्या तिला."

बद्रीनाथला आधी काहीच दिसेना. मग वाळलेल्या गवतातून एकामागं एक चार पिल्लं निघाली आणि बसच्या पुढून रस्ता ओलांडून गेली. बद्रीनाथला फोटोंचा नाद होता, पण सुट्टीच्या दिवशी जायकवाडीवर जाऊन पक्षी टिपायचे, एवढाच. त्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं, आपल्याकडं कॅमेरा आहे, पण नजर ह्या माणसाकडं आहे.

सूर्यभान धनगराचा. विसाव्या वर्षापर्यंत बापामागं मेंढरं वळली, मग ड्रायव्हर झाला. दोघांनी मिळून एक जुनी बोलेरो घेतली. कारखाना वर्षातून दोनदा आठवडाभर बंद असायचा, तेव्हा ते निघायचे. कच्छच्या रणात रानगाढवं, चंबळच्या वाळूत मगरी, कुठं हरणांचे कळप, कुठं नुसताच डोंगर आणि त्यावरचं धुकं. अशी अकरा वर्षं गेली. सूर्यभान गाडी हाकायचा, जनावर हेरायचा, रॉकेलच्या स्टोव्हवर पिठलं करायचा. बद्रीनाथ फोटो काढायचा. ते पेपरात छापून यायचे, एकदा कॅलेंडरवर आले. खाली बद्रीनाथचं नाव असायचं. सूर्यभाननं ते कॅलेंडर बसमध्ये आपल्या डोक्यावर टांगलं होतं आणि चढणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, "आमच्या बद्रीभाऊनं काढलेत."

बद्रीनाथला गाडी येत नव्हती.

"शिकून घ्या की बद्रीभाऊ," सूर्यभान दरवेळी म्हणायचा. "वक्त काय सांगून येतो का?"

"तू आहेस की," बद्रीनाथ म्हणायचा आणि विषय तिथंच संपायचा.

कुठं जायचं हे बद्रीनाथच ठरवायचा. सूर्यभाननं कधी काही मागितलं नाही. बाराव्या वर्षी जून महिन्यात क्रांती चौकात चहा पिताना मात्र तो एकदम म्हणाला, "औंदा मी सांगू का?"

"सांग ना."

"माळढोक बघायचाय. मी सात-आठ वर्साचा असंन, तवा बिडकीनकडच्या माळावर बघितला व्हता. गवतात माणूस उभा ऱ्हावा तसा उभा व्हता. बाप म्हणला, बघून घे लेका, लई नशिबानं दिसतो. पुन्यांदा कधी दिसला नाय. आता माळबी गेला, कंपन्यांचे प्लॉट पडले. पर राजस्थानात, जैसलमेरकडं, थोडे ऱ्हायलेत म्हणत्यात."

"आधी का नाही बोललास?"

सूर्यभान हसला. "तुमच्या फोटोचं काय नुकसान व्हाया नको म्हणून."

जुलैत ते निघाले. कन्नडचा घाट उतरून धुळे, पुढं सुरत, अहमदाबाद. दुसऱ्या दिवशी सूर्यभान डावा हात चोळत होता. बद्रीनाथनं विचारलं, तर म्हणाला, "गिअर टाकून टाकून भरून आलाय." बद्रीनाथला ते पटलं. तिसऱ्या दिवशी जैसलमेरच्या पुढं पोचले. वनखात्याच्या माणसानं सांगितलं, लांबूनच बघा, गाडीतून उतरू नका. चौथ्या दिवशी उजाडताच ते डांबरी रस्ता सोडून कच्च्या वाटेनं दीड-दोन किलोमीटर आत गेले आणि गाडी बंद करून बसले. सूर्यभान पुढं स्टिअरिंगवर, बद्रीनाथ मागच्या सीटवर, खिडकीत लेन्स टेकवून.

"बद्रीभाऊ," सूर्यभान अगदी हळू म्हणाला, "डावीकडं. त्या झाडाच्या बुडाला."

नर होता. गवतातून राजासारखा सावकाश चालत तो मोकळ्यावर आला, थांबला, आणि गळ्याची पांढरी पिशवी फुगवत फुगवत पार जमिनीपर्यंत आणली. शेपूट पाठीवर उभं केलं. मग आवाज आला, रिकाम्या रांजणात कुणी हुंकार द्यावा तसा. बद्रीनाथनं फोटो काढायला सुरुवात केली. असा फोटो माणसाला जन्मात एकदाच मिळतो, हे त्याला कळत होतं.

दोन-चार फोटो झाले तोच सूर्यभान म्हणाला, "भाऊ, छातीत दाबल्यावाणी व्हायलंय."

"लई?" बद्रीनाथनं डोळा कॅमेऱ्यावरून काढला नाही.

सूर्यभान जरा थांबून म्हणाला, "नाय. व्हईल कमी. तुमी काढा."

"पाच मिनिटं फक्त. मग निघू."

पक्षी गोल गोल फिरत होता. ऊन तिरपं होतं आणि एकेक पीस वेगळं दिसत होतं. शेवटी तो झुडपांमागं गेला, तेव्हा बद्रीनाथनं कॅमेरा खाली ठेवला. "मिळाला रे सूर्यभान!" तो म्हणाला. सूर्यभाननं कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं होतं आणि त्याचा सदरा पाण्यातून काढल्यासारखा भिजला होता.

बद्रीनाथनं त्याला कसंबसं शेजारच्या सीटवर सरकवलं. फोनला रेंज नव्हती. नजर जाईल तिथं एक माणूस दिसत नव्हता. तो स्टिअरिंगमागं बसला, किल्ली फिरवली. गाडीनं गचका खाल्ला आणि बंद पडली. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. बद्रीनाथ रडायला लागला.

"रडू नका," सूर्यभान डोळे मिटूनच म्हणाला. "डावा पाय… क्लच दाबा. पुरा दाबा. आता किल्ली."

गाडी चालू झाली.

"पहिला टाका. डावीकडं… वर. व्हय. आता क्लच हळू सोडा. हळू, बद्रीभाऊ. लेकराच्या अंगावरून हात काढल्यावाणी."

गाडी हलली. वाळूतून, खड्ड्यांतून ती वेडीवाकडी पुढं सरकत राहिली. "लई आवाज करतीय," सूर्यभान म्हणाला. "क्लच दाबून दुसरा… सरळ खाली." बद्रीनाथनं दुसरा टाकला. "शाब्बास," सूर्यभान म्हणाला. "येतंय की तुमाला."

त्यानंतर तो काही बोलला नाही. बद्रीनाथ हाका मारत राहिला. "सूर्यभान, आता तिसरा कसा टाकू? अरे, तिसरा कसा टाकू सांग ना!" गाडी दुसऱ्या गिअरवरच किंचाळत डांबरी रस्त्याला लागली. समोरून दुधाचे कॅन भरलेली पिकअप येत होती. तिच्या ड्रायव्हरनं हा प्रकार बघितला, स्वतःची गाडी कडेला टाकली आणि बोलेरो घेऊन सुसाट दवाखाना गाठला. डॉक्टरांनी तपासलं. ते म्हणाले, वाटेतच संपलं सगळं. अर्धा तास आधी आणलं असतं तर कदाचित काही करता आलं असतं.

ॲम्ब्युलन्सनं सूर्यभानला बाराशे किलोमीटरवरून आणलं आणि बिडकीनजवळच्या त्याच्या गावात त्याची माती झाली. त्याची बायको बानाबाई दारात बसून होती. दहाव्याला पाटावर ठेवायला फोटो पाहिजे म्हणून भावकीतल्या कुणीतरी बद्रीनाथला विचारलं. बद्रीनाथनं अकरा वर्षांचे हजारो फोटो रात्रंदिवस चाळले. एकात सूर्यभानचा कोपर होता, एकात स्टोव्हशेजारची त्याची पाठ. चेहरा कुठंच नव्हता. शेवटी लायसनवरचा फोटो मोठा करून आणला.

तेच चाळताना त्याला त्या सकाळच्या फोटोंवरची वेळ दिसली. पहिला सहा बावन्नचा होता आणि शेवटचा सात चौदाचा. छातीत दाबतंय असं सूर्यभान म्हणाला, ते पहिल्या दोन-चार फोटोंनंतरच.

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर तो बानाबाईपुढं बसला. सगळे म्हणत होते, नशीब, दुसरं काय. त्यानंही तेच म्हटलं असतं तर कुणाला काही कळणार नव्हतं. पण त्यानं सगळं सांगितलं. पाच मिनिटं म्हणालो आणि बावीस मिनिटं फोटो काढत बसलो, हेही सांगितलं.

बानाबाईनं हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "त्यांनी चला म्हणलं नाय?"

"नाही. काढा म्हणाला."

"ते तसंच म्हणणार. तुमाला नाय म्हणलेलं मी इतक्या वर्सांत ऐकलं नाय, भावजी. तुमी समजून घ्यायचं व्हतं."

बद्रीनाथनं मान हलवली.

"कुठंय त्यो पक्षी? दावा."

त्यानं कॅमेरा तिच्या हातात दिला. ती एकेक फोटो बघत गेली. "लगीन झालं तवापासून ह्याचंच ऐकत आले," ती म्हणाली. "मला वाटायचं, बाता मारत्यात. एवढा मोठा पक्षी कुठं आसतो का." तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्यांनी बघितला का पर? मन भरून?"

बद्रीनाथला हो म्हणायचं होतं. पण तो म्हणाला, "मी मागं होतो, वहिनी. मला त्याचं तोंड दिसत नव्हतं."

तिनं कॅमेरा परत दिला आणि उठली. चौकटीला हात लावून म्हणाली, "आता नका येत जाऊ, भावजी. राग नाय माझा. पर तुमी आले की वाटतं, मागनं गाडी लावून ते येतेलच."

बद्रीनाथनं तिचं ऐकलं. जैसलमेरहून ड्रायव्हर लावून आणवलेली बोलेरो तिच्या भावाला देऊन टाकली. माळढोकचे फोटो त्यानं कुणाला दाखवले नाहीत. पुण्याच्या एका प्रदर्शनाचं बोलावणं आलं, त्याला उत्तर दिलं नाही.

दिवाळीत कारखाना आठवडाभर बंद झाला. तीन दिवस तो घरातच बसून आहे, हे बघून त्याची बायको द्वारकाबाई म्हणाली, "औंदा कुठं जायचं नाय का?"

"कुणासंगं जाऊ?" तो म्हणाला.

ती हातातलं काम ठेवून त्याच्याजवळ येऊन बसली.