मी टॉफी, कळपातली सगळ्यात धडधाकट

मी टॉफी बोलतेय. जातीनं तांबडी हरिणी, वय आठ वर्षं. डाव्या कानात पिवळा बिल्ला आणि बिल्ल्यावर आकडा, एकशे सात. पण तो आकडा फक्त कागदांना ठाऊक. टाकिटिमू डोंगरांच्या पायथ्याशी लॉकलन आणि थेल्मा या रॅटरी नवरा-बायकोचा हरणांचा फार्म आहे, तिथं मला सगळे टॉफीच म्हणतात.

आज मला बघाल तर म्हणाल, काय तब्येत आहे! पाठ भरलेली, केस चकचकीत, डोळे टपोरे. सगळे तसंच म्हणायचे.

माझी आई मी तीन दिवसांची असताना गेली. कशाला तरी बिचकून पळाली आणि उंच कुंपणाच्या तारेत तिची मान अडकली. मी गवतात अंग चोरून पडले होते. हरणाचं पाडस असंच पडून राहतं, आई येईपर्यंत हूं की चूं करत नाही. थेल्मा तिथून गेली नसती तर मी तशीच पडून राहिले असते.

"लॉकलन, हे जिवंत आहे!"

"हरणाची पिल्लं बाटलीवर जगत नाहीत," तिचा नवरा लांबूनच ओरडला. "उगाच जीव लावशील आणि मग रडशील."

"मी रडेन. तुझं काय जातंय?"

तिनं मला घरी नेलं. कपडे धुवायच्या खोलीत जुन्या लोकरी स्वेटरवर ठेवलं. रोज सकाळी ती किटली घेऊन शेजाऱ्याच्या गाईंकडे जायची आणि धारोष्ण दूध आणायची. मी इतकी जोरात ओढायचे की तिला बाटली दोन्ही हातांनी धरावी लागे. "हळू गं बये, बाटली गिळशील," ती म्हणायची. मी जगले. लॉकलननं ते कधी कबूल केलं नाही, पण महिन्याभरानं तोच चोरून मला बिस्किटं द्यायला लागला.

मोठी झाल्यावर मला कळपात सोडलं. तेव्हा कळलं, बाकीची हरणं माणसाला किती भितात. माणूस मागे लागला की ती कुंपणावर आदळतात, पाय मोडून घेतात. मला कसली भीती? लॉकलननं बादलीत जव खुळखुळवले की मी चालू लागायचे. मी चालले की दोनशे जनावरं मुकाट माझ्यामागे. अंधाऱ्या बोळातून शेडमध्ये, तिथून एकेक करून खोड्यात. खोडा म्हणजे दोन्ही बाजूंनी गादी लावलेला पिंजरा. त्यात हरणाला अलगद दाबून धरतात, म्हणजे औषध पाजता येतं, सुई टोचता येते.

"चार कुत्र्यांचं काम एकटी करते," लॉकलन सांगत सुटायचा. "आणि भुंकत नाही ते वेगळंच."

माणसांची एक गंमत मी पाहिली आहे. लॉकलन घरात दिवसाकाठी दहा शब्द बोलत नसेल, पण कुंपणापाशी आला की मला वाऱ्यापासून गुडघेदुखीपर्यंत सगळं सांगायचा. उत्तर देत नाही त्याच्याशी माणूस फार मोकळं बोलतो.

मला सात पिल्लं झाली. सगळी जन्मतः अंगानं भरलेली. थेल्माला वाटायचं, माझं रक्तच चांगलं.

मागच्या हिवाळ्याच्या शेवटी माझं गेल्या वर्षीचं पाडस हडकायला लागलं. खायचं मात्र सपाटून. मुरघास, म्हणजे साठवून आंबवलेला चारा, टाकला की सगळ्यात आधी तेच धावायचं.

"भस्म्या झालाय का याला?" लॉकलन म्हणाला. "खातंय ते जातंय कुठं?"

जातंय कुठं ते शेपटीकडे दिसत होतं. मागचे पाय पातळ शेणानं माखलेले. वसंत आला, बाकीच्यांचे हिवाळी केस झडून तांबूस कातडी दिसायला लागली. याच्या अंगावर मात्र जुन्या केसांचे पुंजके तसेच लोंबत राहिले. तोवर आणखी चौघं तशीच झाली होती.

"जंत," लॉकलन म्हणाला आणि सगळ्यांना जंताचं औषध पाजलं. फरक पडला नाही. मग त्यानं जनावरांच्या डॉक्टरला, मिरियामाला, बोलावलं. तरुण बाई, हात मऊ, पण खोड्यात तिच्यापुढे आडदांड नरसुद्धा गप्प व्हायचे. तिनं रक्त घेतलं. अंगात तांबं कमी निघालं, म्हणून तांब्याच्या गोळ्या गिळवल्या. थंडीत हरणांना एक हगवण लागते, ती असेल म्हणून सुया टोचल्या. चार दिवस पोरं टवटवीत दिसली. थेल्मानं मिरियामासाठी केक केला. पाचव्या दिवशी माझं पाडस ओढ्याकाठी बसलं ते उठलंच नाही. मी त्याला दिवसभर चाटत होते.

ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे भर वसंत; तोवर नऊ गेली.

"लॉकलन, आता एक मारून बघावं लागेल," मिरियामा म्हणाली. "मेलेलं आतून लगेच सडतं, काही कळत नाही. जिवंत, पण आजारी हवं."

त्यांनी शेडच्या मागे ताडपत्री अंथरली. मी पलीकडच्या खणात होते. फळ्यांच्या फटीतून मला सगळं दिसत होतं.

"हे आतडं बघा. किती जाड झालंय. आतून नुसत्या वळ्या. आणि या गाठी." तिनं हातात उचलून दाखवलं. "दोरीत बटाटे ओवल्यासारख्या. एवढ्या मोठ्या नसतात."

"कॅन्सर?"

"नाही. जोन्सचा रोग. नमुना प्रयोगशाळेत पाठवते, पण मला शंका नाही."

"मग औषध दे."

मिरियामा सुरी धूत राहिली. सुरी केव्हाच स्वच्छ झाली होती.

"औषध नाही."

"नाही म्हणजे इथं मिळत नाही?"

"नाही म्हणजे नाहीच, लॉकलन. जंतू लहानपणीच पोटात जातात, शेणातून नाहीतर दुधातून. महिनोन्‌महिने गप्प बसतात. मग आतडंच असं होतं की खाल्लेलं अंगी लागत नाही. भरल्या पोटी उपाशी मरतात बिचारी."

लॉकलननं टोपी काढली, पुन्हा घातली.

"कळपातलं कुणीतरी मोठं जनावर हे पसरवतंय," मिरियामा म्हणाली. "ते आजारी दिसत असेलच असं नाही. सगळ्यांना तपासायचं."

तीन दिवस तपासणी चालली. तिन्ही दिवस मीच कळपाला शेडमध्ये आणलं. प्रत्येक खेपेला मी पुढे, बाकीचे मागे. हौदावर पाणी प्यायलाही मीच पहिली. शेवटी माझी पाळी आली तेव्हा लॉकलन हसला.

"हिला कशाला? बघ की, लोण्याचा गोळा नुसता!"

"सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना," मिरियामा म्हणाली. तिनं माझं रक्त घेतलं. मग हातमोजा चढवून माझ्या लेंड्याही डबीत भरल्या.

दोन आठवड्यांनी ती आली. फोन केला नाही, स्वतः आली. थेल्मा तेव्हा कुंपणातून हात घालून माझी मान खाजवत होती.

"चौघी निघाल्यात," मिरियामा म्हणाली. "तिघींच्या लेंडीत जंतू थोडे आहेत. एकशे सातच्या लेंडीत इतके आहेत की आजारी दहा जनावरं मिळूनही एवढे टाकणार नाहीत."

"कोण गं एकशे सात?" थेल्मानं विचारलं.

लॉकलननं विचारलं नाही. तो माझ्या कानाकडे बघत होता.

"मशीन चुकलं असेल," तो म्हणाला.

"दोनदा तपासून घेतलं."

"अगं, पण ती ठणठणीत आहे!" थेल्मा ओरडली. "साधा खोकला नाही तिला!"

"असतात अशी जनावरं. त्यांना स्वतःला काही होत नाही. जिथं शेण टाकतील तिथून बाकीच्यांना होतं." मिरियामानं मान खाली घातली. "आणि ही सगळ्यांच्या पुढे चालते."

थेल्माचा हात अजून माझ्या मानेवर होता.

"थेल्मा, हिला वाढवलं कशावर?"

"दुधावर. शेजारच्या गाईंच्या." थेल्माचा आवाज बारीक झाला. "कच्चंच द्यायची मी. उकळलं की त्यातली ताकद जाते, म्हणून."

"गाईंत हा रोग असतो," मिरियामा घाईनं म्हणाली. "पण तो मातीतूनही येतो, हिच्या आईकडूनही आला असेल. आता कुणीच सांगू शकत नाही."

"मला समजावू नकोस, पोरी. बाटली माझ्याच हातात होती."

ती घराकडे गेली. वळून पाहिलं नाही.

लॉकलन मात्र हटला नाही. "हिला वेगळं ठेवलं तर?"

"ठेवा. पण तो जमिनीचा तुकडा वर्षभर तरी बाद. ओढ्याचं पाणी खालच्या कुरणात जातं. ज्यांना लागायचं त्यांना लागून गेलंय. हिच्या पोटात पिल्लू आहे ना, त्यालाही बहुतेक."

"आणि हिला काढलं तर?"

"तरी दोन-तीन वर्षं पिल्लं जातील. कमी जातील."

"कमी म्हणजे किती?"

"माहीत नाही, लॉकलन."

"आणि बाकीच्या? त्या तरी साफ ना?"

"आज साफ," मिरियामा म्हणाली.

तेव्हापासून मी शेडमागच्या लहान खणात एकटी आहे. विचार करायला वेळच वेळ. माझ्या सातांपैकी चार गेली. अधूनमधून एखादं जायचं, आणि दर वेळी लॉकलन म्हणायचा, हिवाळा कडक होता. जन्मल्या जन्मल्या मी त्यांना चाटून कोरडं केलं, पहिलं दूध पाजलं. प्रत्येकाला वाटलं असेल, आई जगवतेय. मलाही तेच वाटत होतं. पोटातलं आठवं आता लाथा मारतंय. त्याच्यासाठी मी काहीच मागत नाही.

त्या तिघी काल ट्रकनं कत्तलखान्याकडे गेल्या. ड्रायव्हरनं माझ्याकडे बोट दाखवलं, तेव्हा लॉकलन म्हणाला, "ती नाही. तिला मी असा धक्के खायला पाठवणार नाही. माझं मी बघतो." इतकी वर्षं तो माझ्याशी भरभरून बोलला. काल पाणी भरताना फक्त एवढंच म्हणाला, "थेल्मा अंथरुणातून उठत नाही गं."

आज सकाळी ती आली. डोळे सुजलेले, पायात गमबूट, अंगावर रात्रीचाच झगा. फळीला कपाळ टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "उरलेल्यांतली तुझी धाकटी लेक साफ निघाली, टॉफी. तिला मी हाताळायला लागलेय. दोन वर्षांची झाली, हुशार आहे अगदी तुझ्यासारखी. तिला मी पुढे चालायला शिकवीन. तुझं काहीतरी राहील माझ्यापाशी."

धाकटी तारेपलीकडे चरत होती. थेल्मानं हाक मारली तशी डोकं वर करून जवळ आली. थेल्मा तिच्या तोंडाकडे बघून हसली. किती दिवसांनी हसली.

मी मागून बघत होते. धाकटीच्या कुशीवर अजून हिवाळ्याचे केस होते, हाताएवढा पट्टा. शेपटीखालचे केस ओले होते. फार नाही. अजून कुणाच्या लक्षात येण्याजोगं नाही. पण मी ही सुरुवात इतक्यांदा पाहिली आहे.

थेल्मा, तिचं तोंड नको बघूस. मागे जा. शेपटी उचलून बघ. आजच मिरियामाला बोलाव. तिला कळपापुढे चालवू नकोस, हौदावर आधी जाऊ देऊ नकोस. तुला तिचा लळा लागायच्या आत बघ गं.

लॉकलन शेडच्या कोपऱ्यावरून येतोय. बंदूक खांद्यावर नाही, खाली, पायाशी धरली आहे, मला दिसू नये म्हणून. त्याच्यावर माझा राग नाही. त्याचा नेम चुकत नाही, मला ठाऊक आहे.

मी फळीपाशी गेले. धाकटीकडे बघून जोरजोरानं मान हलवली. दोनदा, तीनदा. थेल्माच्या डोळ्यांत पाणी आलं. फटीतून हात घालून तिनं माझं नाक कुरवाळलं. तिला वाटलं, मी निरोप घेतेय.